लोकस्थिती लिहून पाठवा : उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांस,



मी सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. ग्रामसभेची नोटीस काढायची, दवंडी द्यायची, माणसं जमली की प्रोसिडिंग बुक उघडायचं, सूचक-अनुमोदकांची नावं घालून ठराव लिहायचा, सह्या आणि अंगठे घ्यायचे, यातच नोकरी सरली. निवृत्तीनंतर दोनदा लेकीकडे न्यू जर्सीला राहून आलो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी जेवलो, गणपतीत तुमच्याबरोबर आरत्या म्हटल्या. तेव्हा हे पत्र परक्याचं समजू नका.

तुमच्याकडे जेवणं आटोपून सगळे सोफ्यावर टेकले की एक प्रश्न ठरलेला असायचा, "काका, तिकडे आता कसं आहे?" इकडे परत आलो की पारावर तोच प्रश्न उलटा, "भाऊसाहेब, तिकडे कसं असतं हो?" प्रश्न चांगला आहे. पण विचारणाऱ्याजवळ उत्तर आधीच तयार असतं, असं मला दोन्हीकडे दिसलं. तुमच्यात एकाला ऐकायचं असतं की भारतात आता तोंड उघडायची सोय उरली नाही. त्याच्या शेजारच्याला ऐकायचं असतं की देश कधी नव्हे इतका जोरात चाललाय. पारावर एकाला ऐकायचं असतं की अमेरिकेत कायदा म्हणजे कायदा, साहेबालाही दंड. दुसऱ्याला, की तिथे कुणीही बंदूक घेऊन शाळेत शिरतो. यातलं कुठलंच वाक्य निव्वळ खोटं नाही. पण या चार वाक्यांवर दोन खंड एकमेकांना ओळखतात, आणि त्यातून कुठल्या गावाचं पाणी कोण सोडतं, तक्रार कुठे करायची, केल्यावर काय होतं, यातलं काहीच कळत नाही.

मला तुमच्याकडे एक मागणी करायची आहे. ती कशावरून सुचली ते आधी सांगतो.

दुसऱ्या खेपेला मी लेकीच्या मागे लागून तिच्या टाउनशिपच्या कौन्सिलची सभा पाहायला गेलो. संध्याकाळी सातची वेळ. सगळे झेंड्याकडे तोंड करून, छातीवर हात ठेवून उभे राहिले, प्रतिज्ञा झाली. मग क्लार्क बाईंनी एक कागद वाचला. लेकीने कानात अर्थ सांगितला: या सभेची सूचना कायद्याप्रमाणे वर्तमानपत्रांना दिली आहे आणि फलकावर लावली आहे. मी खुर्चीत सरसावून बसलो. "नोटीस व दवंडीद्वारे सर्व ग्रामस्थांना कळविण्यात आले" हे वाक्य मी आयुष्यभर लिहीत आलो होतो, आणि सात समुद्रांपलीकडे एक बाई तेच वाक्य वाचत होत्या. न्यू जर्सीचा हा खुल्या सभांचा कायदा १९७५ सालचा. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी लागली होती आणि वर्तमानपत्रांचा मजकूर आधी सरकारी माणूस तपासत होता. मी तेव्हा शाळेत होतो.

लोकांना बोलायला वेळ राखून ठेवणं त्या कायद्याने सक्तीचं आहे. एक म्हातारे गृहस्थ माईकशी आले, नाव-पत्ता सांगितला. मोठा पाऊस झाला की त्यांच्या तळघरात पाणी शिरतं, नाला तुंबलेला आहे, तीन वर्षं ते सांगतायत. बोलता बोलता आवाज चढला. मेयरकडे बोट करून ते म्हणाले, तुम्हाला लाज वाटली पाहिजे. मी सवयीने दाराकडे पाहिलं. आमच्याकडे एव्हाना चार पोरं उठून त्यांच्या भोवती उभी राहिली असती. तिथे कुणी हललं नाही. माईकसमोरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला, गृहस्थांनी वाक्य पुरं केलं आणि जाऊन बसले. मेयर "आभारी आहे" म्हणाले. मग ठराव मंजूर झाले, आणि त्यात त्या नाल्याचं नाव नव्हतं.

मी डोकी मोजली. चाळीसेक हजार वस्तीच्या गावातून तेवीस माणसं आली होती. आमच्या ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा. तो भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला मग गणपूर्तीचं बंधन नसतं. पाच-सात माणसांत अख्ख्या गावाचे ठराव होतात. त्या तेविसांत आपल्या रंगाची माणसं दोन, मी आणि माझी लेक, आणि गावात तर प्रत्येक रस्त्यावर आपली घरं. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "तुझ्याही दारात पाणी साचतं, तू का नाही बोललीस?" ती म्हणाली, "बाबा, व्हिसा आहे. कशाला नजरेत यायचं?"

लेक बारा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. कुठल्याही एका देशाला नोकरीवरून मिळणाऱ्या कार्डांच्या साधारण सात टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, त्यामुळे आपल्या लोकांची रांग सरतच नाही. घराचा कर ती भरते, त्यावर तिथली शाळा चालते, पण शाळेच्या बोर्डावर कोण निवडून जाईल हे ठरवायला तिला मत नाही. सभेत बोलायला तिला कायद्याची आडकाठी नव्हती, तरी ती बोलली नाही. आणि इथे? परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मत द्यायचं तर पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. त्यामुळे माझी लेक दोन्हीकडच्या यादीच्या कडेला उभी आहे. सभागृहात शेवटी एक मेक्सिकन माणूस खुर्च्या रचत होता. तोही कुठल्या यादीत असेल असं त्याच्याकडे बघून वाटलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. मला आमचे ऊसतोडे आठवत होते.

आमच्या भागात दिवाळीच्या सुमाराला बीडकडून टोळ्या येतात. गावाच्या शिवेला, ओढ्याकाठी कोप्या पडतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, पाचट बांधायला पोरं, आणि पाच-सहा महिने हा मुक्काम. त्यांचं मत बीडला, रेशन बीडला, शाळा बीडला. माझ्या एकतीस वर्षांच्या प्रोसिडिंग बुकांत या लोकांचा उल्लेख एकदाच आला. ठराव असा होता की त्यांनी सार्वजनिक विहिरीवर येऊ नये, पाणी खराब होतं, त्यांच्या कोप्या ओढ्यापलीकडे हलवाव्यात. सूचक होते, अनुमोदक होते. "सर्वानुमते मंजूर" हे शब्द माझ्या अक्षरात आहेत. जे त्या सभेत बसूच शकत नव्हते त्यांच्याबद्दलचा ठराव मी सर्वानुमते मंजूर लिहिला, आणि न्यू जर्सीतल्या परक्या सभागृहात बसेपर्यंत माझ्या ते लक्षात आलं नाही.

परक्या देशाचा कारभार बघण्याचा हा उपयोग आहे, आणि तो पहिल्यांदा मराठीत कुणी करून दाखवला असेल तर पंडिता रमाबाईंनी. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला पोचल्या, आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभासाठी. पुढे अडीच वर्षांहून जास्त काळ अमेरिकाभर फिरल्या, व्याख्यानं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसे जमवले. १८८९ साली परत आल्या आणि त्याच वर्षी त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक निघालं. नाव नीट बघा. प्रवासवृत्त मागे, लोकस्थिती पुढे. तिथला राज्यकारभार कसा चालतो, घरं कशी आहेत, शाळा कशा, धर्मसंस्था आणि दानधर्म कसा, बायकांची स्थिती काय, व्यापार काय, असं एकेक प्रकरण. वाचणारे सगळे राणीचे प्रजाजन. राजाशिवाय राज्य चालू शकतं, लोक आपल्यातून माणसं निवडतात आणि मुदत संपली की ती घरी जातात, हे त्यांना मराठीतून, घरच्या भाषेत, एका बाईने सांगितलं.

रमाबाईंना तो देश मनापासून आवडला होता. तरीही काळ्या लोकांना मिळणारी वागणूक आणि मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांनी झाकला नाही. बायकांना त्या देशात राष्ट्रीय निवडणुकीत मत नव्हतं; ते मिळायला १९२० उजाडावं लागलं. शिकलेल्या, संस्था चालवणाऱ्या, सभा गाजवणाऱ्या बायका आणि त्यांना मत नाही, हे दोन्ही त्यांनी पाहिलं. माझ्यासारख्या सभेतल्या माणसाला त्यांचं हे भावतं, की सभेत कोण आहे ते लिहिताना दाराबाहेर कोण आहे तेही त्या लिहीत होत्या. आणि हे सगळं पाहून आलेली बाई स्वस्थ बसली नाही. त्याच १८८९ च्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यात पहिल्यांदाच बायका प्रतिनिधी म्हणून बसल्या आणि रमाबाई त्यांत होत्या.

त्यांच्या आधी जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. जोतीराव कधी अमेरिकेला गेले नव्हते. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं ते खरं होतं, पण पुरं नव्हतं. त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कचेरीत जमलेल्या साठाहून अधिक काळ्या माणसांना मारलं. भांडण निवडणुकीच्या निकालावरून होतं. ज्या थोड्यांना शिक्षा झाली, तीही पुढे सुप्रीम कोर्टात टिकली नाही. हे जोतीरावांपर्यंत पोचलं असतं तर अर्पणपत्रिका बदलली असती असं मला वाटत नाही. त्यांना अमेरिकेला प्रशस्तिपत्र द्यायचं नव्हतं. एका समाजाने आपल्यातलीच गुलामी मोडायला रक्त सांडलं, हे त्यांना इथल्या लोकांना दाखवायचं होतं. पण ती बातमी तेव्हा मराठीत यायला हवी होती. लांबून बघणाऱ्याला जवळच्याने उरलेली निम्मी हकिकत पुरवायची असते, आणि तुम्ही आज नेमक्या त्या जवळच्याच्या जागी बसला आहात.

याच्या उलट काय होतं तेही आपण पाहिलेलं आहे. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनी 'मदर इंडिया' लिहिलं. बालविवाह, बाळंतपणं, अस्पृश्यता, घाण हे सगळं मांडून निष्कर्ष काढला की हे लोक स्वराज्याला लायक नाहीत. देश पेटला. लाला लजपतराय स्वतः अमेरिकेत पाच वर्षं राहिलेले. त्यांनी १९२८ साली 'अनहॅपी इंडिया' लिहून उत्तर दिलं, आणि त्यात अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला टांगून मारतात त्याची पानंच्या पानं घातली. तेही खरं होतं. पण लखनौच्या बालविधवेला त्या उत्तराने काय मिळालं? गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटलं, हे आपण सगळे सांगतो. हिंदुस्थानी माणसाने मात्र ते वाचावं, त्यातून घेण्यासारखं आहे, असंही ते म्हणाले होते. ते कुणी सांगत नाही.

आजची भांडणं त्याच वळणाची आहेत. २०२१ साली, देशोदेशीच्या स्वातंत्र्याला गुण देणाऱ्या वॉशिंग्टनच्या फ्रीडम हाउस या संस्थेने भारताला 'मुक्त' यादीतून काढून 'अंशतः मुक्त' यादीत घातलं. आपल्या सरकारने तो अहवाल दिशाभूल करणारा आहे म्हणून फेटाळला. त्याच अहवालात अमेरिकेचे गुण दहा वर्षांत अकराने घसरून ८३ वर आल्याचं लिहिलेलं होतं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका पोराने तेवढीच ओळ टाकली आणि खाली टाळ्या पडल्या. भारताची घसरण कशाने मोजली, ती बरोबर की चूक, हे कुणी उघडून बघितलं नाही. चूक असेल तर मुद्द्याने खोडावं, बरोबर असेल तर मान खाली घालून वाचावं. शेजाऱ्याची घसरण आपल्या खात्यावर जमा होत नाही.

लेकीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, एकट्याच. आम्ही दोघं संध्याकाळी त्यांच्या पायऱ्यांवर बसायचो, लेक नाहीतर नात दुभाषी. त्यांनी एकदा विचारलं, तुमच्या गावचा मुखिया वारसाने येतो का? मी सांगितलं, सरपंच निवडून येतो, निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, बायकांची सभा वेगळी आधी घ्यावी लागते, दहा रुपयांचा अर्ज केला की कुणीही माझ्या कपाटातले कागद मागू शकतो. बाई थक्क झाल्या. मलाही बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, पोलीस एखाद्याला खटला न भरता ठेवू शकतात का? मी क्षणभर गप्प बसलो. नात माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, ठेवू शकतात. आमच्या घटनेच्या बाविसाव्या कलमातच तशी तरतूद आहे. सल्लागार मंडळाने न तपासता तीन महिन्यांपर्यंत. त्यांनी विचारलं, लोकांना हे माहीत आहे? मी म्हटलं, फार थोड्यांना.

मग मी त्यांना विचारलं ते नातीबद्दल. ती दुसरीत. एक दिवस शाळेतून आली आणि जेवताना सांगत होती, आज आम्ही अंधारात बसलो. बाईंनी दार लावलं, दिवे घालवले, सगळे कोपऱ्यात, कुणी हसायचं नाही, कुणी रडायचं नाही. "आबा, मी बुटांचे दिवे हाताने झाकले." तिच्या बुटांच्या टाचेत लुकलुकणारे दिवे आहेत, चालली की पेटतात. न्यू जर्सीत शाळेला सुरक्षेची कवायत दर महिन्याला घ्यावी लागते, कायद्यानेच; बंदूकवाला शिरला तर काय करायचं, ही त्यातलीच एक. मी बाईंना विचारलं, तुम्ही शिकवत होता तेव्हा हे होतं? त्या म्हणाल्या, आधीची बरीच वर्षं आग लागली तर काय करायचं एवढंच होतं. बंदूक बाळगायचा हक्क त्यांच्या वडिलांच्या घरी होता, त्यांना तो चुकीचा वाटत नाही. आणि तरी शेवटची काही वर्षं त्या पोरांना अंधारात बसवत होत्या. त्या यापुढे काही बोलल्या नाहीत. आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसून होतो.

या दोन प्रश्नांच्या संध्याकाळी मी अमेरिकेबद्दल जितकं शिकलो तितकं कुठल्या बातम्यांनी शिकवलं नाही. आणि बाविसाव्या कलमाबद्दल मी माझ्या गावात कधी बोललो नव्हतो, हेही तिथेच कळलं.

तर मागणी अशी आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या गावाची लोकस्थिती मराठीत लिहावी, रमाबाईंच्या रीतीने. वीस-पंचवीस पानांची वही पुरे. पाणीपट्टी कोण ठरवतं, शाळेचा पैसा कुठून येतो, पोलिसाविरुद्ध तक्रार कुठे करतात आणि तिचं पुढे काय झालं, हे स्वतः जाऊन, सभेत बसून, कागद मागून लिहावं. गावातल्या काळ्या शेजाऱ्याला पोलिसाने गाडी थांबवली की काय वाटतं ते त्याला विचारून लिहावं. तुमचं गवत कापायला येणारा माणूस कुठे राहतो ते लिहावं. व्हिसाच्या भीतीने तुम्ही कुठे गप्प बसलात तेही, नाव न घालता, लिहावं. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी केली. तो ठराव आणणाऱ्या नगरसेविका पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही गव्हर्नरांनी अडवलं. दोन्ही वेळी आपलीच माणसं दोन्ही बाजूंना उभी होती. तुमच्या मंडळात यावर जे काही बोलणं झालं, दोन्हीकडचं, तेही त्या वहीत यावं. ते गाळून लिहिलेली लोकस्थिती आम्हाला नको.

असे कागद मागणं नवं नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे विचारवंत पुढारी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेल्याचं त्यांनी वाचलं होतं. बाबासाहेब कोलंबियात शिकलेले, न्यू यॉर्क पाहिलेले. पत्रात त्यांनी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या. डू बॉइस यांनी पाठवतो म्हणून कळवलं. नोकरीभर कागद सांभाळलेल्या माणसाला त्या पत्रातली ही मागणीच मोठी वाटते.

तुम्ही आपली अधिवेशनं भरवता. नाटकं होतात, गाणी होतात, ती व्हावीतच. तिथे एक तास या वह्यांच्या वाचनाला द्या. आमच्या बाजूने मी आणि माझ्या ओळखीचे सात-आठ निवृत्त ग्रामसेवक आपापल्या गावाची वही लिहायला तयार आहोत. तुमची वही आली की आम्ही ती ग्रामसभेत वाचू. आमची तुम्ही वाचा, आणि खटकेल ते समासात लिहून परत पाठवा.

माझ्या गावाची वही मी गेल्या महिन्यात सुरू केली. पहिल्या पानावर विहिरीचा तो ठराव आहे, तारखेसह, जसा लिहिला होता तसा.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
सातारा जिल्हा